रस्ता आरोपी नव्हे

अमेरिकेत मध्यमवयीन नवरा-बायको नोकऱ्या सोडतात, घर भाड्याने देतात किंवा विकतात, आणि मोटरहोम किंवा ट्रेलर घेऊन वर्ष-दोन वर्षे देश हिंडायला निघतात. या प्रकाराबद्दल एक मत आता इतके रूढ झाले आहे की त्याच्यासाठी कोणी पुरावाही मागत नाही. हा पैशाचा चुराडा आहे आणि वर संसाराची माती, असे ते मत. न्यू जर्सीतल्या मराठी घरात जेवणानंतर बसलेल्या मंडळींकडून ते ऐकू येते, पुण्या-सांगलीहून आलेल्या आई-वडिलांच्या फोनवर ऐकू येते, आणि पैशांचा सल्ला देणारे अमेरिकन स्तंभलेखकही तेच आकडेमोडीच्या थाटात सांगतात. मला हे मत मान्य नाही. या प्रवासावर माझे प्रेम आहे, ते मी लपवत नाही. पण प्रेम हा पुरावा होऊ शकत नाही, म्हणून पुराव्याकडेच वळू. निकाल वाचकांनी द्यावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. मोटरहोम महाग असते आणि शोरूममधून बाहेर पडताक्षणी तिची किंमत उतरू लागते. मोठी गाडी लिटरला जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर जाते. छत गळते, पाण्याचा पंप बिघडतो, टायर झिजले नाहीत तरी पाच-सात वर्षांत वयामुळे बदलावे लागतात. दोन पगार थांबलेले असतात आणि खर्च मात्र थांबत नाही. परत आल्यावर पंचेचाळिशीच्या माणसाला कोण नोकरीला ठेवणार? दुसरे म्हणजे, दोन माणसे चोवीस तास एका डब्यात. रुसून जायला दुसरी खोली नाही, आपटायला दार नाही. शहरातल्या घरात जी खरूज खाजवून विसरता येते ती इथे जखम होते. आणि तिसरे, जे उघडपणे बोलले जात नाही पण बाकीच्या दोहोंच्या मुळाशी असते : हा पळ आहे. जबाबदारीपासून, वयापासून, कदाचित एकमेकांपासूनही.

यातले एकही विधान हवेतून आलेले नाही. पैसा जातो, भांडणे होतात, पळून जाणारेही असतात. वाद आहे तो कारणाचा. ताण आहे हे खरे. तो कशामुळे आहे? प्रतिपक्ष रस्त्याकडे आणि त्या डब्याकडे बोट दाखवतो. माझे म्हणणे असे की ताणाचे कारण जवळजवळ नेहमी निघण्यापूर्वीच्या निर्णयांत असते आणि प्रवासात ते फक्त उघडे पडते.

पुरावा म्हणून सर्वांत आधी पुढे केला जातो तो 'नोमॅडलँड'. जेसिका ब्रूडर यांचे पुस्तक २०१७ चे, क्लोई झाओ यांचा चित्रपट २०२० चा; पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि घराघरांत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. 'बघा, गाडीत राहणाऱ्यांचे काय होते ते.' पण ही माणसे कोण आहेत? चित्रपटातली फर्न विधवा आहे. नेवाडातल्या एम्पायर गावचा जिप्समचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला, गाव ओस पडले, टपालाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. तिथून ती निघाली आहे. ब्रूडर यांच्या पुस्तकातली बहुतेक माणसे २००८ च्या मंदीत घर किंवा निवृत्तीची शिल्लक गमावलेली आहेत. अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत ती हंगामी काम करतात, उत्तरेकडे बीटच्या कापणीला जातात, कॅम्पग्राउंडांची स्वच्छतागृहे साफ करतात, कारण पेन्शनमध्ये भाडे भागत नाही. त्यांना परतायला घर नाही. ठरवून काही काळ बाहेर पडलेल्या, परतीची सोय असलेल्या जोडप्याविरुद्ध हा पुरावा वापरणे म्हणजे तर्कशास्त्रातली शुद्ध अतिव्याप्ती. दोघांची गाडी सारखी दिसते, म्हणून दोघांची अवस्था एक ठरत नाही. आणि असा दाखला देताना आपण त्या खऱ्या बेघरांवरही अन्याय करतो. त्यांचे दुःख घरभाड्याचे आणि तुटपुंज्या पेन्शनचे आहे. ते भटकण्याच्या हौसेच्या खात्यावर मांडले की मूळ गुन्हेगार सुटतो.

दुसरा साक्षीदार १९८५ चा 'लॉस्ट इन अमेरिका'. अल्बर्ट ब्रूक्स यांनी दिग्दर्शित केलेला आणि त्यात स्वतः काम केलेला हा चित्रपट तर थेट जोडप्याचाच. जाहिरात कंपनीतला नवरा नोकरी गमावतो, घर विकून विनेबेगो मोटरहोम घेतो, आणि दोघे साठवलेली पुंजी घेऊन निघतात. थोड्याच दिवसांत सगळे संपते. हे दृश्य सांगून लोक थांबतात. पण पुंजी जाते कुठे? इंधनात नाही, दुरुस्तीत नाही, कॅम्पग्राउंडच्या भाड्यातही नाही. लास व्हेगासच्या कॅसिनोत, एका रात्रीत, बायको ती रुलेटवर हरते. आपली सगळी शिल्लक एकाच रात्री एकाच हाताला लागू शकेल अशी ठेवायची, हा निर्णय रस्त्यावर झाला होता का? त्या दोघांनी लॉस एंजेलिसच्या घरातून शनिवार-रविवारसाठी विमानाने व्हेगास गाठले असते तरी हेच झाले असते. साक्षीदार खोटा नाही. तो दुसऱ्याच खटल्यातला आहे.

तिसरा साक्षीदार मला सर्वांत प्रिय, कारण नीट ऐकला तर तो माझ्या बाजूने बोलतो. १९५४ चा 'द लाँग, लाँग ट्रेलर', दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, नवरा-बायकोच्या भूमिकांत लुसील बॉल आणि डेसी अर्नाझ. नवरा अभियंता, काम गावोगावी; म्हणून बायको म्हणते, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा ट्रेलर घेऊ. पुढे हालच हाल. पण संसार तुटायची वेळ आणतात ते दगड. ती जिथे जाईल तिथून एकेक मोठा दगड उचलून आणते, पुढेमागे बांधायच्या घराच्या बागेसाठी. डोंगराची चढण समोर आल्यावर नवरा बजावतो, वजन कमी कर. ती दगड फेकत नाही, लपवते. आणि अरुंद घाटात, एका बाजूला दरी असताना, ते दगड ट्रेलरभर गडगडू लागतात.

हा प्रसंग पाहून लोक हसतात आणि म्हणतात, बघा, ट्रेलरने काय केले. ट्रेलरने काय केले? दगड कोणी आणले होते? तिला घर हवे होते आणि ते कधी मिळणार याची तारीख कोणी दिली नव्हती, म्हणून ती ते घर तुकड्यातुकड्याने सोबत वाहत होती. त्याला हे ठाऊक नव्हते, कारण त्याने विचारलेच नव्हते. प्रत्येक ट्रेलरच्या दाराशी एक पट्टी चिकटवलेली असते : आत किती वजन भरायला परवानगी आहे ते सांगणारी. जोडप्याचे भांडण त्या पट्टीवरच्या आकड्याचे असते असे वरवर वाटते. 'तुझ्या पुस्तकांच्या तीन पेट्या', 'तुझे वेल्डिंगचे सामान', 'आईने दिलेला कुकर'. खरे भांडण असते ते आपण परतणार की नाही आणि परतणार तर कधी, याचे. ज्या वस्तूचे वजन नको असते ती वस्तू नेमकी परतीच्या आशेची असते. तारीख ठरलेली असती तर ती सहज मित्राच्या गॅरेजमध्ये राहिली असती.

उरला चौथा पुरावा, 'आमच्या ओळखीतले ते जोडपे'. गेले, वर्षभर हिंडले, आले आणि घटस्फोट घेतला. आपल्या न्यायशास्त्राने या युक्तिवादाला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे : काकतालीय न्याय. कावळा बसला, फळ पडले. समाजशास्त्रज्ञ सुझन ब्राऊन आणि आय-फेन लिन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत पन्नाशी उलटलेल्यांच्या घटस्फोटांचे प्रमाण १९९० ते २०१० या काळात दुप्पट झाले. ही माणसे कुठे राहत होती? बहुतांश घरांत, तीन बेडरूमच्या, दोन गाड्यांच्या गॅरेजच्या घरांत. घर घेतल्यानंतर घटस्फोट झाला म्हणून घरखरेदीला कोणी दोष देत नाही. कारण ठरवायचे तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासावे लागतात. जिथे गाडी आहे तिथे फूट आहे, आणि जिथे गाडी नाही तिथे फूट नाही, असे दाखवा. मग बोलू.

आता पैसा. इथे मला एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढावे लागते, कारण या प्रवासाचे समर्थकही चुकीचे बोलतात. 'घरभाड्यापेक्षा स्वस्त पडते' हे त्यांचे वाक्य मला मान्य नाही. कामातून घेतलेली अशी रजा हा खर्च आहे, आणि तो खर्च म्हणूनच मांडला पाहिजे. पण विरोधकांचे गणितही बिघडलेले आहे, कारण ते चुकीच्या ओळीवर बोट ठेवतात.

एक हिशेब मांडतो, आकडे गोल धरून. वर्षात बारा हजार मैल, म्हणजे सुमारे एकोणीस हजार किलोमीटर फिरणे झाले. गाडी गॅलनला आठ मैल जाते. १,५०० गॅलन लागले. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर इंधनाचे ५,२५० डॉलर झाले. यातून तुम्ही एरवी ऑफिसला जाण्यात जाळले असते ते वजा करा. आता गाडी. एक लाख डॉलरचे नवे मोटरहोम, पूर्ण कर्जाने, वीस वर्षांच्या मुदतीचे, आठ टक्के व्याजाने. अमेरिकेत या गाड्यांना वीस-वीस वर्षांची कर्जे खरोखरच मिळतात. हप्ता सुमारे ८३६ डॉलर, वर्षात दहा हजारांच्या थोडे वर. त्यातले मुद्दल फिटले जेमतेम दोन हजार शंभर. वर्षाअखेर गाडी विकायला काढली आणि किंमत वीस टक्क्यांनी उतरलेली निघाली, तर ऐंशी हजार हातात येतात आणि बँकेचे जवळजवळ ९८ हजार देणे उरते. हप्ते आणि हे खिंडार मिळून एका वर्षाचे अठ्ठावीस हजार डॉलर. उलट पाच-सहा वर्षे वापरलेली, चाळीस हजारांची गाडी रोखीने घेऊन वर्षाने चौतीस हजारांना विकली तर गेले सहा हजार.

म्हणजे एकाच रस्त्यावर, तेवढेच मैल, तेवढेच इंधन, आणि फरक बावीस हजारांचा. हा फरक रस्त्याने केला का? तो विक्रेत्याच्या टेबलावर, पहिले चाक फिरण्याआधी, एका सहीने झाला. आणि हे अनेकांनी एकाच वेळी केले. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही, म्हणजे मोटरहोम आणि ट्रेलर, बाहेर पडल्या. हा विक्रम होता. २०२३ मध्ये तोच आकडा सुमारे तीन लाख तेरा हजारांवर आला. ज्यांनी चढ्या भावात नवी गाडी घेतली आणि उतरत्या बाजारात विकली ते पोळले. त्यांच्या कहाण्या खऱ्या आहेत. पण त्या बाजाराच्या कहाण्या आहेत.

मग जोडपी इंधनावरून का भांडतात? कारण इंधन दिसते. पंपावर आकडे डोळ्यांसमोर पळत असतात, पावती हातात येते. घसारा दिसत नाही, त्याची पावती कोणी देत नाही. बाहेर खाल्लेल्या एका जेवणावरून संध्याकाळ नासते आणि अठ्ठावीस हजारांचा उल्लेखही होत नाही, कारण तो काढला तर 'सही कोणाच्या आग्रहाने झाली' हा प्रश्न निघतो. पैशाचा ताण आणि नात्यातला ताण अशी दोन कलमे प्रतिपक्ष वेगळी मांडतो. ती वेगळी नाहीत. मोठा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून भांडण छोट्या खर्चावर उतरते.

राहण्याचा खर्चही इतका सरळ नाही. रोज नवे कॅम्पग्राउंड गाठले तर खिसा कापला जातो. एका जागी महिनाभर राहिले तर दर बराच उतरतो आणि इंधनही वाचते. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळच्या वाळवंटात केंद्र सरकारच्या जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांचा मुक्काम वर्षानुवर्षे १८० डॉलरांत मिळत आला आहे. वीज नाही, गाडीला नळजोड नाही, पण शेजार भरपूर. घाई महाग असते. ज्यांना एका वर्षात अठ्ठेचाळीस राज्यांचे स्टिकर दारावर चिकटवायचे असतात त्यांच्या हिशेबावरून सगळ्यांचा हिशेब ठरवता येत नाही.

निवृत्तीचे काय? अमेरिकेतले सोशल सिक्युरिटी सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांच्या सरासरीवर ठरते. शून्य कमाईचे एक वर्ष त्या सरासरीचा साधारण पस्तिसावा भाग खाते. त्याने म्हातारपण उघड्यावर पडत नाही. उघड्यावर पाडणारी गोष्ट वेगळी आहे. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढले की कराखेरीज सहसा दहा टक्के दंड बसतो, आणि आटत चाललेल्या खात्याकडे पाहून जोडपी नेमकी तिकडे हात घालतात. आणि आरोग्यविमा! इथे मी प्रतिपक्षाला पूर्ण बळ देतो, कारण तो स्वतः या मुद्द्याकडे फारसे लक्ष देत नाही. नोकरी सुटली की कोब्रा कायद्याखाली कंपनीचा विमा सहसा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता, १०२ टक्क्यांपर्यंत, स्वतः भरावा लागतो. २०१४ पासून जुन्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारता येत नाही हे खरे. पण बाजारातल्या योजना राहत्या भागाशी बांधलेल्या, डॉक्टर ठरलेले. माँटानात दाढ दुखली किंवा गाठ लागली तर ओहायोची योजना तातडीच्या उपचारापलीकडे कितपत कामाला येईल? हा ताण खरा आहे. पण तो चाकांमुळे आला का? विमा नोकरीच्या खुंट्याला बांधणाऱ्या व्यवस्थेमुळे तो आला. घरी बसून नोकरी सोडणाऱ्यालाही हप्त्याचा भार तितकाच छळतो.

आता तो डबा. लहान जागेत माणसे एकमेकांना सहन करू शकत नाहीत, हे विधान मराठी माणसाने ऐकून गप्प बसावे याचे मला आश्चर्य वाटते. तीस फूट लांब, आठ फूट रुंद मोटरहोम म्हणजे २४० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात दोन माणसे नव्हे, दोन पिढ्या आणि गावाकडून आलेला भाचा राहिला. कोणी म्हणेल, तिथे बाईचा कोंडमारा किती झाला ते तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक आहे, आणि आक्षेप रास्त आहे. चाळीचे गोडवे गाण्यासाठी मी हा दाखला देत नाही. माझा मुद्दा एवढाच : त्या खोलीत जे निभावले ते कशामुळे निभावले? पुरुष गिरणीत, मुले शाळेत, आणि बाईला निदान दुपारी व्हरांडा. तिथे निवडायला घेतलेले तांदूळ, शेजारणीशी चार शब्द, सासूबद्दलची तक्रार सांगायला तिसरे माणूस. चौरस फूट कमी होते, पण वेगळे घालवलेले तास होते आणि मधे बोलायला माणसे होती.

भटक्या जोडप्याला उणीव भासते ती याचीच. जागा पुरते, गॅलरी नसते. म्हणून ज्या जोडप्यांचे बिनसते ती बहुधा सतत पळणारी असतात. रोज नवा मुक्काम, रोज नवे अनोळखी चेहरे, बोलायला फक्त एकमेक. ज्यांचे जमते ती थांबतात. दारासमोर चटई आणि दोन खुर्च्या टाकल्या की चाळीचा व्हरांडा उभा राहतो. हे माझे हळवेपण आहे असे वाटत असेल तर मानववंशशास्त्रज्ञांना विचारा. डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स हे कॅनडातले प्राध्यापक दांपत्य. पापुआ न्यू गिनीत वर्षानुवर्षे क्षेत्रकार्य केलेले. १९९० च्या दशकात ते स्वतः आरव्हीत राहिले आणि उत्तर अमेरिकेतल्या भटक्या ज्येष्ठांचा अभ्यास १९९६ मध्ये 'ओव्हर द नेक्स्ट हिल' या ग्रंथात मांडला. आधी कधीही न भेटलेली माणसे अन्न वाटून घेतात, अडल्यास मदत करतात, देण्याघेण्यातून काही दिवसांत शेजार उभा करतात, हे त्यांनी नोंदवले. एकटेपणा हा या जीवनाचा स्वभावधर्म असता तर पापुआच्या खेड्यांतली देवाणघेवाण डोळ्यांखालून घातलेल्या या दोघांना तो सर्वांत आधी दिसला असता. आणि तेही दोघे एकाच डब्यात राहत होते!

डब्याने एक गोष्ट मात्र नक्की बदलते, ती म्हणजे कामाची वाटणी. संध्याकाळच्या कॅम्पग्राउंडवर अर्धा तास उभे राहा. तीस फुटी ट्रेलर मागे घेऊन दोन झाडांमधल्या जागेत बसवायचा असतो. विजेचा खांब डावीकडे, वर आडवी फांदी. तो स्टिअरिंगवर, ती मागे उभी. ट्रेलरचे शेपूट स्टिअरिंगच्या उलट दिशेला जाते. ती ओरडते, 'डावीकडे!' काय डावीकडे, शेपूट की स्टिअरिंग? तो उजवीकडे घेतो, चाक दगडावर चढते, शेजारचे लोक चहाचे कप हातात धरून बघू लागतात. त्या रात्री त्या गाडीत कोणी बोलत नाही. जाणती जोडपी यातून दोन नियम काढतात. डावे-उजवे म्हणायचे नाही, 'ड्रायव्हरची बाजू' म्हणायचे. आणि आरशात मागचा माणूस दिसेनासा झाला की ब्रेक. काही जोडपी आणखी एक पाऊल टाकतात : ती स्टिअरिंगवर बसते, तो मागे जातो. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याला ओरडून सांगावे लागते आणि ऐकले न जाणे म्हणजे काय ते कळते.

तसाच मैल्याचा टँक. घरात हे काम महापालिकेच्या घरपट्टीत मिटलेले असते. इथे आठवड्यातून एकदा कोणीतरी हातमोजे घालून नळी जोडायची, आधी मैल्याच्या टाकीची झडप उघडायची, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम चुकला तर पुढचा तास वासात. काम मोठे नाही. प्रश्न मोठा आहे : पाळी कोणाची? शहरातल्या घरात पगाराने विकत घेतलेल्या सोयींखाली हा प्रश्न झाकलेला होता. प्रतिपक्ष म्हणतो, गाडीने भांडण निर्माण केले. मी म्हणतो, जी वाटणी कधी बोलून ठरलीच नव्हती तिची वेळ आली. ज्याला हे उघडे पडणे नको आहे त्याने जरूर घरी राहावे. पण उघडे पडलेल्या गोष्टीसाठी तिला उघडी पाडणाऱ्याला शिक्षा कोणत्या न्यायाने द्यायची?

एक ताण असा आहे की जो खरोखर चाकांचाच आहे, आणि तो मी टाळणार नाही. अमेरिकेचे करखाते म्हणते, निजण्याची, रांधण्याची आणि शौचाची सोय असेल तर ही गाडी घर मानता येईल. तिच्या कर्जाच्या व्याजावर सवलत मागता येते. तेच राज्य फौजदारी कायद्यात मात्र तिला वाहन म्हणते. १९८५ मध्ये 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' या खटल्यात, सॅन डिएगोत वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटरहोमच्या झडतीवरून, सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की सबळ कारण असेल तर अशा गाडीची झडती वॉरंटशिवाय घेता येते. ठोकळ्यांवर टेकवून स्थिर केलेल्या अशा घराचे काय, हा प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला. आपल्या पलंगाचा, आपल्या कपाटाचा उंबरठा कायद्याने इतका ठिसूळ असणे ही साधी गोष्ट नाही. पत्त्याचेही तसेच. लायसन्स, मतदान, विमा सगळे पत्त्यावर चालते. म्हणून पूर्णवेळ भटके साउथ डकोटाला पत्ता करतात, जिथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती लायसन्सला पुरते, किंवा टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला. तिथे १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने सुरू केलेल्या 'एस्केपीज' क्लबचे ठाणे आहे. त्याच ठाण्यात एक देखभाल केंद्रही आहे : ज्यांचा प्रवास आजाराने किंवा वयाने थांबला त्यांच्यासाठी. ते आपल्याच गाडीत राहतात, जेवण आणि मदत केंद्र पुरवते. जबाबदारीतून पळालेली माणसे एकमेकांच्या आजारपणासाठी असली संस्था उभारतात का?

इथून पळपुटेपणाच्या आरोपाकडे येतो. दर सात वर्षांनी कामातून बाहेर पडण्याची प्रथा विद्यापीठांची. अमेरिकेत तिचा आरंभ १८८० मध्ये हार्वर्डला झाला असे मानतात, आणि तो झाला एका संस्कृत पंडितासाठी. चार्ल्स लॅनमन जॉन्स हॉपकिन्सला होते. त्यांना ओढून घेण्यासाठी हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी सातव्या वर्षी निम्म्या पगारी रजेची सोय देऊ केली. हेच लॅनमन १८८९ मध्ये भारतात आले आणि हार्वर्डसाठी हस्तलिखिते घेऊन गेले. त्यांचा संस्कृत रीडर आपल्याकडच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. त्यांना कोणी पळपुटे म्हटले का? नाही, कारण त्यांच्या रजेला तीन गोष्टी होत्या : मुदत, निम्मा पगार आणि परतल्यावर तीच खुर्ची. आजच्या जोडप्याच्या रजेला या तिन्ही नसतात. अमेरिकेत पगारी सुट्टीचा हक्क देणारा केंद्रीय कायदा नाही. १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने मिळतात ते बारा आठवडे, तेही बिनपगारी, बाळंतपण, आजारपण अशा कारणांसाठी. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या मराठी जोडप्याचे तर विचारूच नका. नोकरी सुटल्यावर त्यांना दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्यांच्या पिढीने हा विचार मनातसुद्धा आणू नये अशी तरतूद कायद्यानेच केली आहे. ज्यांना रजा नाकारली जाते ती माणसे राजीनामा देऊन रजा घेतात. मग आपण त्यांना बेजबाबदार म्हणतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तुम्ही सांगता ती पथ्ये, वापरलेली गाडी रोखीने घ्या, घर विकू नका, परतीची तारीख ठरवा, विम्याचे पैसे बाजूला ठेवा, पाळलीच तर ती पैसेवाल्यांनाच पाळता येतील. मग हा सारा थाट सुखवस्तूंचाच की! बऱ्याच अंशी होय. चाळीस हजारांची गाडी आणि वर्षाचा विमा रोखीने भरू शकणारे जोडपे गरीब नसते, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्या शाळाशिक्षक दांपत्याला दहा हजारांचा जुना ट्रेलर जमतो आणि घर भाड्याने देऊन कर्जाचा हप्ता भागवता येतो, त्यांना अडवते ते नेमके काय? ट्रेलर नाही आणि घाटही नाही. वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर करणारी सही आणि त्या वर्षात चालू राहणारा विमा, एवढ्यासाठी ते थांबलेले असतात. पहिली सही शाळामंडळाची, दुसरी तरतूद कायदेमंडळाची. त्यांना शहाणपण शिकवण्यात खर्च होणारे शब्द त्या दोन ठिकाणी गेले पाहिजेत.